खून हवा, चहाटळपणा नको

“एखादी चांगलीशी रहस्यकादंबरी सुचवा,” असे कोणी म्हटल्याबरोबर ज्याच्या मुखावर प्रसन्न हास्य उमटते, त्या गृहस्थाला पुढील प्रश्नोत्तरांची पूर्वकल्पना नाही असे खुशाल समजावे. काव्याची शिफारस करताना त्यातील सौंदर्यस्थळे उलगडून दाखवता येतात, प्रवासवर्णनाची शिफारस करताना हिमालयाची उंची सांगता येते, आणि पाकशास्त्रावरील पुस्तकाची तर नुसती पाने चाळली तरी मागणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते. परंतु रहस्यकथा ही अशी विलक्षण चीज आहे की तिची प्रशंसा करावयाची म्हणजे जे सांगावे लागते, नेमके तेच सांगण्यास सक्त मनाई असते. “शेवट अगदी अनपेक्षित आहे” एवढे निरुपद्रवी वाक्य उच्चारले तरी वाचक पहिल्या पानापासून त्या अनपेक्षिताची अपेक्षा करीत बसतो. “त्या माळ्याकडे लक्ष ठेवा” म्हणावे तर तो मूर्खपणा, आणि “माळ्याकडे मुळीच लक्ष देऊ नका” म्हणावे तर तो त्याहून मोठा. अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९२६ साली रॉजर अ‍ॅक्रॉइड नामक गृहस्थाच्या खुनावर जी कादंबरी लिहिली, ती श्रेष्ठ का हे एका वाक्यात सांगता येते. मात्र ते वाक्य उच्चारणाऱ्याचा जागच्या जागी खून झाला, तर कोणताही रसिक न्यायाधीश आरोपीस संशयाचा फायदा देऊन सोडून देईल.

असे असूनही आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने, देवघेवीच्या मेजाजवळ बसून रहस्यकथाप्रेमी वर्गणीदारांना ज्याच्या त्याच्या रुचीचे पुस्तक काढून देण्याची जबाबदारी ठराव करून माझ्यावर टाकली आणि ती मी बिनवेतन स्वीकारली. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, अशी दोन आहेत, आणि ती आमच्या भिंतीवर सुवाच्य अक्षरांत टांगलेली आहेत. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक होते. समीकरणाच्या दोन्ही बाजू एकमेकांस भेटल्याच पाहिजेत, अशी त्यांची श्रद्धा असणे स्वाभाविक आहे. आमच्या वर्गणीदारांपैकी एकही त्यांच्या वाट्याला आलेला नसावा.

या पदासाठी माझी योग्यता एवढीच की गुन्हेगार कोण हे मला नेहमी आधीच कळते. याची युक्ती सोपी आहे. कादंबरीतील प्रत्येक पात्रावर मी यथाक्रम संशय घेतो आणि प्रत्येक वेळी तो घरातील मंडळींना ऐकू जाईल अशा स्वरात जाहीर करतो, जेणेकरून अखेरीस कोणीही पकडला गेला तरी “मी म्हटलंच होतं” असे म्हणण्याचा माझा हक्क अबाधित राहतो. “तुम्ही तर मयताच्या कुत्र्यावरही संशय घेतला होता,” अशी हरकत घरातून निघते. परंतु तिची दखल घेण्याचे मला कारण वाटत नाही.

माझ्या दप्तरी सर्वांत आधी दाखल झाल्या त्या आमच्या आळीतल्या काकू. शनिवारी मारुतीला तेल घालून, कपाळी शेंदूर आणि हातात रिकामी तेलवाटी अशा त्या येतात, समोरच्या खुर्चीवर बसतात, आणि आवाज किंचित खाली आणून विचारतात :

“खून आहे ना नक्की?”

“आहे, काकू.”

“किती?”

“दोन.”

“मग हरकत नाही. मागच्या खेपेला दिलंत त्यात नुसता हार चोरीला गेला होता. हार काय, आमच्या वन्संचाही गेला होता. त्यावर कुणी अडीचशे पानं नाही लिहिली.”

काकूंची एकच अट असते. खून हवा, परंतु चहाटळपणा नको. नायकाने नायिकेचा हात हातात घेतला की त्या पुस्तक मिटतात. “पण काकू, पुढच्याच पानावर तो तिचा गळा दाबतो,” असे मी एकदा नम्रपणे सुचवून पाहिले. “तो दाबू दे की,” त्या म्हणाल्या, “पण हात कशाला धरायचा?”

काकूंची ही अभिरुची बाबूराव अर्णाळकरांच्या वाचनावर पोसलेली आहे. बाबूरावांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची मंडळी एका काळी महाराष्ट्राच्या घरोघरी मुक्कामास होती. काकूंच्या माहेरी त्यांचा मुक्काम माजघरात पिठाच्या डब्यामागे असे, कारण वडील कडक होते. पुढे एकदा पुस्तक काढायला गेल्यावर तिथे वडिलांची वाचनखूण सापडली, आणि त्यानंतर उभयपक्षी त्या विषयावर मौन पाळण्यात आले.

मी त्यांना ख्रिस्तीबाईंच्या पहिल्या कादंबरीचा अनुवाद दिला. ती १९२० सालची. बाईंनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते, त्यामुळे विषांची माहिती अस्सल, हेही सांगितले. काकूंनी पुस्तक परत आणले ते नापसंतीनेच. “कुचल्याचं विष घातलंय म्हणे. कुचला कडूजहर. आमच्या मामंजींच्या औषधात असायचा, ते तीन घरं ऐकू जाईल असं ओरडायचे. इतकं कडू पोटात जाईस्तोवर त्या बाईला कळलं नाही, म्हणजे त्या घरातला स्वयंपाक काय चवीचा असेल!” मग त्यांना सत्यजित राय यांचा फेलूदा दिला. अशोक जैन यांनी मराठीत आणलेला हा बंगाली गुप्तहेर १९६५ साली मुलांच्या मासिकासाठी जन्मला असल्यामुळे त्याच्या कथांत हात धरण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. परंतु प्रेतांच्या बाबतीत तो फारच हात राखून वागतो, अशी काकूंची तक्रार आली.

याहून बिकट प्रश्न म्हणजे कोणते पुस्तक वाचून झाले आहे आणि कोणते नाही, हा होय. अर्णाळकरांची हजार, गुरुनाथ नाईकांची जवळजवळ तितकीच. मुखपृष्ठावर पिस्तूल, टोपी आणि घाबरलेली स्त्री यांची आलटूनपालटून मांडणी. मनुष्याने लक्षात तरी काय ठेवावे? यावर आमच्या जुन्या सभासदांनी एक उपाय शोधून काढला आहे. कपाटातून कोणतीही जुनी रहस्यकथा उपसून तिचे एकविसावे पान उघडावे. तेथे समासात, पृष्ठांकाच्या आसपास, बारीक खुणांची दाटी आढळते : एक फुली, एक स्वस्तिक, तीन टिंबे, तांबड्या शाईतली चंद्रकोर, एक “ग” आणि त्याच्याखाली लहानशी रेघ. वाचून झाले म्हणून ज्याने त्याने केलेली ही पोच आहे. पुस्तक हाती पडले की काकू आधी एकविसावे पान पाहतात, आपले टिंब दिसले की “वाचलंय” म्हणून ढकलून देतात, आणि टिंब असूनही गुन्हेगार आठवत नसेल तर पुन्हा घेऊन जातात व दुसरे टिंब देतात. एका पुस्तकावर मी त्यांची चार टिंबे पाहिली आहेत. मनुष्याला विस्मृतीची देणगी असावी तर अशी.

आता निवृत्त फौजदारसाहेब. आयुष्यभर ज्याने चोर पकडले त्याने निवृत्तीनंतर चोरांच्या गोष्टी कशाला वाचाव्यात, असे कोणालाही वाटेल. फौजदारसाहेबांनाही तसेच वाटते, पण ते वाचतात, आणि वाचून संतापतात. त्यांना मी भालबा केळकरांच्या मराठीतला शेरलॉक होम्स दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुस्तक बगलेत मारून हजर.

“हा तुमचा होम्स घटनास्थळी जातो, जमिनीवरची राख उचलतो आणि पाकिटात घालतो. पंच कुठे आहेत?”

“पंच नाहीत, साहेब. ते लंडन आहे.”

“मुद्देमालाला सील? जप्तीची नोंद? आणि म्हणे एकशेचाळीस प्रकारच्या तंबाखूच्या राखेवर त्यानं निबंध लिहिलाय. आम्हाला गणपतीच्या बंदोबस्तातून राखेकडे बघायला सवड मिळाली असती तर आम्हीही लिहिला असता.”

पुढे त्यांना ख्रिस्तीबाईंचा पॉयरो दिला, तर सर्व संशयितांना एका दिवाणखान्यात जमवण्याची त्याची पद्धत पाहून त्यांचा रक्तदाब वाढला. “सगळ्यांना एकत्र बसवलं की जबाब जुळवणार ते! आणि दाराशी कोण उभं आहे? कुणी नाही!” वस्तुतः त्यांचे दुःख निराळे आहे. रहस्यकथेतला सरकारी पोलीस हा होम्सकथांतल्या लेस्ट्रेडपासून आजतागायत मंदबुद्धी, उशिरा पोचणारा आणि श्रेय लाटणारा असा रंगवलेला असतो, आणि खाजगी गुप्तहेर त्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढतो; तीस वर्षांच्या नोकरीनंतर हे पानोपानी वाचणे म्हणजे निवृत्तिवेतनातून कपात झाल्यासारखेच आहे. अखेरीस बालविभागातून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणून दिला तेव्हा त्यांची कळी खुलली. “पोरगं चलाख आहे,” ते म्हणाले. “खबऱ्या म्हणून उत्तम झालं असतं.”

वकीलसाहेबांची मागणी कोर्टातल्या कादंबऱ्यांची. स्वतः वकील असलेल्या गार्डनरने १९३३ पासून पेरी मेसनच्या ऐंशीवर कादंबऱ्या लिहिल्या, आणि आपल्याकडे सुहास शिरवळकरांनी अमर विश्वास हा वकील उभा केला, त्यामुळे मालाचा तुटवडा नाही. परंतु वकीलसाहेब वाचतात ते असूयेने. “पान एकशेऐंशीला खून, पान दोनशेला सुनावणी! आणि उलटतपासात साक्षीदार रडून कबुली देतो म्हणे. आमच्याकडे साक्षीदार नुसता हजर झाला तरी पेढे वाटतात.” फी किती घेतली आणि आगाऊ किती, हे एकही लेखक लिहीत नाही, ही त्यांची कायमची फिर्याद आहे. ज्या कादंबरीत निदान पाच वेळा तारीख पडते अशी एखादी असल्यास ती वास्तववादी समजून आपण वाचू, असे त्यांनी मला लेखी दिले आहे.

यांच्या तुलनेत निवृत्त हेडमास्तर म्हणजे साक्षात न्यायदेवता. रहस्यकथा हा लेखक व वाचक यांच्यातला पेपर आहे आणि तो अभ्यासक्रमाबाहेरचा असता कामा नये, ही त्यांची भूमिका. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्र्याने १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा आज्ञा तयार केल्या असे माझ्या तोंडून निघून गेले, आणि मास्तरांनी त्या तत्काळ वहीत उतरवून घेतल्या : गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यावा, गुप्त दरवाजा किंवा भुयार एकापेक्षा अधिक असू नये, पूर्वसूचनेवाचून जुळे भाऊ आणू नयेत, इत्यादी. तेव्हापासून ते प्रत्येक पुस्तकाला गुण देतात. अर्णाळकरांना भुयारांपोटी गुण गमवावे लागले. ज्याच्यापासून या सर्व वाङ्मयप्रकाराचा आरंभ मानतात त्या एडगर अ‍ॅलन पोची १८४१ सालची कथा मी मोठ्या विश्वासाने दिली, तर मास्तर शिक्षा करण्याच्या तयारीने आले. त्या कथेतला गुन्हेगार कोण हे मी येथे सांगणार नाही. त्याच्यावर कोणत्याही देशाच्या दंडसंहितेखाली खटला भरता येणार नाही, एवढेच नमूद करतो. “हा प्रश्न पोर्शनमध्येच नाही!” मास्तर म्हणाले, आणि शंभरपैकी अठ्ठावीस दिले.

त्यांचा पारा पुन्हा चढला तो रेमंड चँडलरवरून. त्याच्या १९३९ सालच्या गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट निघत असताना, तिच्यातल्या मोटारचालकाला कोणी मारले असे चित्रपटवाल्यांनी त्याला विचारले, तेव्हा ते आपल्यालाही ठाऊक नाही असे त्याने कळवले, अशी आख्यायिका आहे.

“लेखकालाच ठाऊक नाही?”

“नाही म्हणे.”

“मग पेपर तपासणार कोण?” मास्तरांनी विचारले. या प्रश्नाला जागतिक समीक्षेने अद्याप उत्तर दिलेले नाही.

संगणकक्षेत्रातला एक तरुण आहे, त्याला खून बर्फात झालेला लागतो; स्वीडन, नॉर्वे यांच्या अलीकडचे प्रेत तो हातात धरत नाही. बर्फात पावले सरळ उमटतात, मग तपास कसला करायचा, असा फौजदारसाहेबांचा त्यावर अभिप्राय. आणि आमचे अध्यक्ष. संतवाङ्मयाचे व्यासंगी, सभेत रहस्यकथांच्या खरेदीवर दरवर्षी टीका करणारे, आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वये आमचा वर्ग ‘ब’ चा ‘अ’ न होण्याचे खापर खुनांवर फोडणारे. दर पंधरवड्यास ते अमृतानुभवावरील एखाद्या भाष्याखाली दोन रहस्यकथा ठेवून मेजावर आणतात आणि भाष्याकडे पाहत म्हणतात, “खालची सौ.साठी.” त्या पुढच्या आठवड्यात वहिनी तीच पुस्तके बदलायला येतात व म्हणतात, “ह्यांच्यासाठी हो. मला कुठला वेळ!” भाष्य मात्र कोणासाठी नेले होते याचा खुलासा कोणीच करीत नाही.

असा सर्वांचा योगक्षेम मी वाहत असतानाच तक्रारवहीत एक नोंद आली आणि तिच्या मागोमाग आणखी आल्या. कोणीतरी पुस्तकांत पेन्सिलीने लिहीत होते. एकविसाव्या पानावरच्या निष्पाप खुणा त्या नव्हेत. ठळक, वळणदार, किंचित उजवीकडे कललेल्या अक्षरांत समासात शेरे मारलेले असत. एखाद्या पात्राचा प्रथम प्रवेश झाला की बाजूला : “सदर इसमावर नजर ठेवावी.” काही पानांनी : “जबाबात विसंगती.” आणि शेवटच्या चाळीस पानांच्या अलीकडे, नावाखाली दुहेरी रेघ ओढून : “हाच.”

वाचनालयात हलकल्लोळ झाला. मास्तरांनी याला पेपरफुटी म्हटले आणि सर्व पुस्तके रद्द करून फेरपरीक्षा घेण्याची मागणी केली. वकीलसाहेबांनी हा गुन्हा सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान या सदरात बसतो का ते पाहण्यासाठी मुदत मागितली. कार्यकारिणीने खोडरबर खरेदीचा विषय पटलावर घेतला, दरपत्रके तीन नसल्यामुळे तो तहकूब केला, आणि तपास माझ्याकडे सोपवला. कारण गुन्हेगार मला नेहमी आधीच कळतो, ही माझी ख्याती सभेत कोणीतरी उपहासाने का होईना बोलून दाखवली होती.

मी भिंगही आणले. दूषित पुस्तकांच्या देवघेवीच्या चिठ्ठ्या काढून ताडून पाहिल्या, तर ती सर्वच पुस्तके सर्वांनीच नेलेली. मग माझ्या नेहमीच्या पद्धतीने मी यथाक्रम संशय घेतला : मास्तरांवर, कारण शेरे मारण्याची सवय, अध्यक्षांवर, कारण द्वेष, वहिनींवर, कारण निमित्त हवे कशाला, आणि वाचनालयाच्या शिपायावर, कारण कादंबरीत शिपाई असतोच. फौजदारसाहेबांकडे मी साक्षीदार म्हणून गेलो. त्यांनी अक्षर दूर धरून न्याहाळले आणि “अनुभवी माणसाचं दिसतं” असे म्हणून चहा मागवला.

तपासाला कलाटणी दिली ती काकूंनी. त्या शनिवारी तेलवाटी मेजावर ठेवून त्या नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाल्या, “अहो, ते ‘हाच’ लिहिलेलं पुस्तक. मला वाटलं, चला, खुनी कळलाच आहे, आता निवांत वाचावं. म्हणून मी त्या पुतण्याच्या वाईटावर टपून बसले, आणि शेवटी निघाला भलताच! पुतण्या बिचारा गंगाजल! इतका धक्का मला काळापहाडानंतर कुणी दिला नव्हता. अशी पेन्सिलवाली अजून आहेत का?”

मी घाईघाईने बाकीची दूषित पुस्तके तपासली. काकूंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. “हाच” म्हणून ज्याच्या नावाखाली दुहेरी रेघ होती तो प्रत्येक पुस्तकात निर्दोष सुटला होता. एका ठिकाणी तर तो स्वतःच पुढच्या प्रकरणात मारला गेला होता. ही वार्ता गावभर पसरायला वेळ लागला नाही. पेन्सिलीच्या प्रतींना नंबर लागू लागले. कोऱ्या प्रतीत एकच रहस्य मिळते आणि खुणेच्या प्रतीत दोन, हा हिशेब वर्गणीदारांनी चटकन केला. मास्तरांनीही नॉक्सच्या आज्ञांत समासातील शेऱ्यांचा निषेध कोठेच नाही असा निर्णय देऊन एक प्रत घरी नेली. अध्यक्ष सौ.साठी दोन घेऊन गेले. खोडरबराचा विषय पटलावरून कायमचा काढून टाकण्यात आला.

सोमवारी फौजदारसाहेब पुस्तक परत करायला आले. मागे रांगेत वकीलसाहेब उभे होते. मी पुस्तक उघडले. समासात ताजे ग्रॅफाइट चकाकत होते, आणि साहेबांच्या कानावर पेन्सिल होती.

“कसं वाटलं, साहेब?”

“तपास ठीक आहे,” ते म्हणाले. “पण शेवटी लेखकानं भलत्याच माणसाला धरलंय. खरा गुन्हेगार मोकळा सुटला. मी आत नोंद केलीय.”

वकीलसाहेबांनी रांगेतून मान पुढे काढली. “निकाल कधीचा?”

मी आतले पान उलटून प्रकाशनाचे वर्ष वाचून दाखवले.

“छे, मग अपिलाची मुदत गेली,” ते म्हणाले, आणि ती प्रत आपल्या नावावर लिहून घेतली.